गुरुआज्ञा आणि राजाज्ञा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष लागला की आपल्या भंडारा जिल्ह्यात दोन कामे सोबतच सुरू होतात. शेतात धानाचे पुंजणे चुरायला निघतात आणि घरात, मंदिरात गुरुचरित्राची पोथी चौरंगावर येते. नोकरीत असताना मी रजा टाकून पारायणाला बसायचो खरा, पण तोंडाने ओव्या चालायच्या आणि डोक्यात मात्र कालची कॅश जुळली की नाही हेच चालायचे. आता निवृत्त झालो. सात दिवस निवांत मिळतात. आणि निवांत वाचले की पोथी आपल्याला प्रश्न विचारायला लागते, असा माझा अनुभव आहे.

गेल्या दत्तजयंतीला महाप्रसादाच्या पंगतीत एका वयस्क गृहस्थांनी विषय काढला. त्यांच्या मुलीने वडिलोपार्जित शेतीत हिस्सा मागितला होता. ते वैतागून म्हणाले, "आपलं शास्त्र एक सांगते, सरकारचा कायदा दुसरंच सांगते. माणसानं ऐकावं कोणाचं?" पंगतीत जो तो बोलू लागला. कोणी म्हणाले, कलियुग आहे. कोणी म्हणाले, मुलींना शिकवले त्याचा हा परिणाम. मी खाली मान घालून भात कालवत राहिलो. मला उत्तर सुचत नव्हते असे नाही. पण माझ्या स्वतःच्या खात्यात त्याच विषयाची एक नोंद होती आणि ती चारचौघांत वाचून दाखवायची हिंमत नव्हती. ती आज या लेखात वाचून दाखवतो. त्याआधी महाराज काय सांगतात ते बघू.

गुरुचरित्राचा सत्तेचाळिसावा अध्याय आपण सर्वांनी वाचलेला आहे. गाणगापुरात पर्वतेश्वर नावाचा एक शेतकरी होता. श्रीनृसिंहसरस्वती महाराज संगमावर जाता-येता तो शेतातून धावत यायचा आणि दंडवत घालायचा. त्याची ही निष्ठा पाहून एके दिवशी महाराजांनी त्याला सांगितले, आम्ही परत येईपर्यंत सगळे शेत कापून टाक. पीक अजून कच्चे होते. आपण धानवाले माणसे, आपल्याला हे लगेच समजते. दाणा भरायच्या आधी धान कापायला सांगणे म्हणजे वर्षभराच्या अन्नावर विळा चालवायला सांगणे. बायको-मुलांनी आकांत केला. त्याने ऐकले नाही, शेत कापले. पुढे त्या भागात अवेळी पावसाने सगळ्यांची पिके गेली आणि याच्या कापलेल्या शेतात मात्र नवे फुटवे येऊन शतपटीने धान्य झाले.

कीर्तनात ही कथा सांगतात तेव्हा भर असतो तो चमत्कारावर आणि निष्ठेवर. तो असावाच. पण या कथेत मधेच एक छोटी गोष्ट आहे, तिच्यावरून आपण भराभर पुढे जातो. महाराजांची आज्ञा झाल्यावर पर्वतेश्वर थेट विळा घेऊन शेतात गेला नाही. तो आधी गावच्या अधिकाऱ्याकडे गेला. शेत कापण्याची परवानगी मागितली. अधिकाऱ्याचा वाटा त्या पिकात होता, म्हणून मागच्या वर्षी दिले त्याच्या दुप्पट धान्य देईन असे कबूल केले आणि मगच विळा उचलला.

आता बघा. साक्षात गुरूंची आज्ञा हातात असताना त्या भाबड्या शेतकऱ्याने असे म्हटले नाही की मला वरून हुकूम आहे, तुमचा वाटा गेला उडत. गुरूंवरच्या श्रद्धेचा जो काही तोटा व्हायचा होता, तो त्याने स्वतःच्या अंगावर घेतला. अधिकाऱ्याच्या वाट्याला त्याने धक्का लागू दिला नाही, उलट दुप्पट कबूल केले. आणि महाराजांनीही त्याला असे विचारले नाही की माझी आज्ञा असताना तू तिकडे कशाला गेलास.

मला या कथेत पंगतीतल्या प्रश्नाचे उत्तर दिसते. धर्माची आज्ञा मला उद्देशून असते. तिचा खर्च माझ्या नावे पडतो. कायदा दोन माणसांमधला असतो, त्यात दुसऱ्याचा हिस्सा लिहिलेला असतो. दुसऱ्याचा हिस्सा चुकता करायचा आणि मग आपल्या वाट्याचे जे आहे त्यातून गुरूंची आज्ञा पाळायची, हा पर्वतेश्वराचा क्रम आहे. आपण बहुतेक वेळा क्रम उलटा करतो. धर्माचे नाव घेतो आणि खर्च दुसऱ्याच्या नावे टाकतो.

कोणी म्हणेल, तो वाटा राजाचा होता, त्याचे ठीक आहे. पण मुलीला जमीन द्या हे शास्त्रात कुठे आहे? हा प्रश्नही प्रामाणिकपणे बघू. मी शास्त्री नाही, नागपूर विद्यापीठाचा साधा बी.कॉम. आहे. पण निवृत्तीनंतर थोडेफार वाचले.

आपल्याकडे वारसाहक्काचा जो जुना हिंदू कायदा इंग्रजांच्या कोर्टात चालायचा, त्याचा मुख्य आधार 'मिताक्षरा'. याज्ञवल्क्य स्मृतीवरची ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्य राजा विक्रमादित्य सहावा याच्या काळात, त्याची राजधानी असलेल्या कल्याणीला लिहिली. हे कल्याण म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आपल्या मराठी मुलखाला लागूनच. म्हणजे ज्याला आपण सनातन समजतो ते एका काळात, एका गावी, एका विद्वान माणसाने विचार करून लिहिले. त्याच याज्ञवल्क्य स्मृतीत, ज्याला मुलगा नाही त्याच्या वारसांत पत्नी पहिली आणि तिच्यानंतर मुलगी सांगितली आहे. भावांनी आपापल्या वाट्यातला चौथा हिस्सा अविवाहित बहिणीसाठी काढावा असे मनुस्मृतीतही आहे. 'मुलीला काही नाही' असे शास्त्राने सरसकट म्हटलेले नाही. तसे आपल्या सोयीने झाले. आणखी एक गोष्ट याज्ञवल्क्य सांगतात. शास्त्रात असले तरी जे लोकांना नकोसे झाले आहे, ते आचरू नये. म्हणजे काळ बदलतो आणि आचार बदलावा लागतो, ही सोय शास्त्रकारांनीच करून ठेवली आहे.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला. त्यात त्यांचे उभे आयुष्य गेले. 1963 साली त्यांना भारतरत्न मिळाले. रत्नागिरीकडचा हा मराठी माणूस धर्मशास्त्राचा पंडित होता आणि वकीलही होता. दोन्ही पुस्तके एकाच टेबलावर ठेवता येतात, याचा यापेक्षा मोठा दाखला मला माहीत नाही.

स्वतंत्र भारतात हिंदू कोड बिलाचा मोठा वाद झाला. स्त्रियांना वारसाहक्क, घटस्फोट, दत्तक हे सगळे त्यात होते. बिल रखडले आणि 1951 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याचे हे एक मोठे कारण होते. त्यानंतर 1954 साली ते लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले ते आपल्या भंडाऱ्यातून. आपण त्यांना निवडून दिले नाही, हा इतिहास आहे. पण बिल मेले नाही. त्याचे तुकडे करून 1955 आणि 1956 साली चार कायदे झाले. त्यातला हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 पासून लागू झाला आणि बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस झाली. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र जन्माने हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्राने 1994 साली त्यात दुरुस्ती केली, पण आधी लग्न झालेल्या मुली सोडून. मग 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर सगळ्याच मुलींना जन्माने हक्क मिळाला, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्यांना मात्र धक्का नाही.

तारखा मी मुद्दाम लिहिल्या. पंगतीत अर्धवट ऐकलेल्या माहितीवरच जास्त भांडणे होतात.

आता माझी नोंद.

माझे वडील 2003 साली गेले. आई त्यांच्या आधीच गेली होती. वारस आम्ही दोघेच, मी आणि माझी धाकटी बहीण. वडिलांनी स्वतः पै-पै जोडून घेतलेली तीन एकर धानाची जमीन होती. स्वकष्टाची जमीन म्हणजे 1956 च्या कायद्यानेच अर्धी तिची. त्याला 2005 ची वाट बघायची गरज नव्हती. मी बँकेत काम करणारा, वारसाची प्रकरणे रोज हाताखालून जायची. मला हे माहीत नव्हते असे मी म्हणू शकत नाही.

तेरवी आटोपून दोन-तीन महिने झाले. बहीण माहेरी आली होती. मी तिला म्हणालो, तालुक्याला जाऊन एक सही करून येऊ, सातबारावर नाव चढवायचे आहे. ती निघाली. एसटीत मी तिला अवधूताच्या चोवीस गुरूंमधल्या कुरर पक्ष्याची गोष्ट सांगितली. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून दुसरे पक्षी त्याला टोचत होते. त्याने तुकडा टाकून दिला आणि सुखी झाला. मी तिला समजावले, जमिनीचा तुकडा तसाच असतो बाई, सोडला की माणूस सुखी. तिने मान हलवली.

अर्जनवीसाने हक्कसोडपत्र तयारच ठेवले होते. त्याने विचारले, बाईंना वाचून दाखवू का? तिच्या आधी मीच बोललो, "घरचाच मामला आहे, गरज नाही." तिने सही केली. येताना मी तिला साडी-चोळी घेऊन दिली आणि मोठे कर्तव्य केल्यासारखा घरी आलो.

भक्तहो, बत्तीस वर्षे मी काउंटरवर बसून खेड्यापाड्यातल्या आयाबायांना सांगत आलो, "मावशी, वाचून सही करा. येत नसेल तर वाचून घ्या." अंगठा उठवायच्या आधी मजकूर समजावून सांगायचा हा आमचा नियमच होता. आणि सख्ख्या बहिणीची सही घेताना तो नियम मी मोडला. कागद कायद्याने पक्का होता, नोंदणी झालेली, शिक्का बसलेला. बी.कॉम.ला आम्हाला 1872 चा करार कायदा होता. त्यात संमती मोकळ्या मनाची असावी लागते, दडपणाखाली घेतलेली चालत नाही, हे पाठ करून मी परीक्षेत लिहिले होते. मोठ्या भावाचा शब्द हे बहिणीवर केवढे दडपण असते, ते मला पुस्तकात कळले, घरात कळले नाही.

आणि ती कुरराची गोष्ट! दत्तप्रभूंची गोष्ट मी तिच्याकडून जमीन काढून घ्यायला वापरली. तुकडा सोडायला तिला सांगितले आणि चोच माझी भरली. अवधूताने यदुराजाला हे सांगितले तेव्हा तो स्वतः सगळे सोडून बसला होता. माझ्या नावावर सातबारा होता.

पुढे बरीच वर्षे मी हे मनावर घेतले नाही. ती दर भाऊबीजेला येत होती, ओवाळत होती, एका शब्दाने काही बोलली नाही. पाचेक वर्षांपूर्वी पारायणात सत्तेचाळिसावा अध्याय वाचताना मी अडखळलो. पर्वतेश्वर अधिकाऱ्याकडे जातो तिथेच. पुढच्या ओव्या डोळ्यांपुढे होत्या, पण वाचवेनात. त्या परक्या अधिकाऱ्याचा वाटा ज्या माणसाने दुप्पट कबूल केला, त्याच्या कथेचे मी पुण्य घेतो आणि माझ्या घरातला वाटा मी गिळून बसलो आहे. समाप्तीनंतर सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "मी त्या दिवशीच बोलणार होते. तुम्ही ऐकून घेतलं नसतं."

तज्ज्ञ वकिलाला विचारून, त्या वेळच्या चालू भावाने दीड एकराची किंमत काढली. काही रक्कम निवृत्तीच्या पैशांतून आणि राहिलेली दोन हप्त्यांत, अशी बहिणीच्या नावे मुदत ठेव केली. पावती घेऊन तिच्या गावी गेलो. तिने पावती हातात धरली, बराच वेळ बघितली. मग म्हणाली, "भाऊ, पैशाचं सोड. त्या दिवशी मले वाचून दाखवलं असतं तं मी हासत सही केली असती."

मला वाटले होते, आता खाते बंद झाले. रक्कम जमा झाली होती. पण त्या दिवशी तिला जे विचारले नाही, ते आता कुठल्या व्हाउचरने जमा करायचे? ते नावे आहे ते आहेच. महाराजांच्या पायाशी ठेवले आहे.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे कायदाच मोठा आणि धर्म त्याच्या मागे? तसे नाही. दुसरी बाजू सांगतो.

आमच्या शाखेत एकदा एक तरुण आला होता. वडील पितळी भांड्यांचे कारागीर, ते वारून बरीच वर्षे झाली होती. मागे मालमत्ता काहीच नव्हती. मुलाने विचारले, "बाबाच्या नावावर काही राह्यलं का?" रजिस्टर काढले. थोडी रक्कम राहिली होती. मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या कर्जाच्या वसुलीसाठी तीन वर्षांत दावा करावा लागतो, ती मुदत केव्हाच संपली होती. साहेबांनी त्याला सरळ सांगितले, तुझ्यावर कायद्याने काही लागत नाही. तो म्हणाला, "साहेब, मुदत तुमची संपली. बाबा तं माझाच हाय." आणि त्याने पैसे भरले.

बापाचे कर्ज मुलाने फेडावे, हे आपल्या धर्मशास्त्राने पुत्राचे कर्तव्य मानले आहे. जुन्या कोर्टांनीही ते मानले होते. 2005 च्या त्याच दुरुस्तीने, केवळ मुलगा आहे म्हणून धर्मकर्तव्याच्या नावाखाली नवीन कर्जे त्याच्याकडून वसूल करता येणार नाहीत, असे ठरवले. वारसाने मिळालेल्या मालमत्तेपुरती जबाबदारी मात्र राहते. मला ही दुरुस्ती योग्य वाटते. सावकाराने धर्माचे नाव घेऊन पोराच्या मानगुटीवर बसू नये. पण त्या पोराने स्वतः होऊन फेडले, तेव्हा तो धर्म झाला. सावकाराच्या तोंडी जी जबरदस्ती, तीच मुलाच्या मनात आली की पितृऋण. शब्द एकच, पण कोण कोणाला सांगतो आहे यावर सगळे अवलंबून आहे.

म्हणून पंगतीतल्या त्या गृहस्थांना माझे उत्तर हे. काका, दोघांचेही ऐकायचे. कायदा सांगतो तेवढे दुसऱ्याचे आधी देऊन टाकायचे. तो मंदिराचा उंबरठा आहे. उंबरठ्यावरच बसून राहिले तर दर्शन होत नाही, आणि उंबरठा न ओलांडता कोणी गाभाऱ्यात पोचत नाही. त्याच्या आत धर्म सुरू होतो. तिथे कोणी नोटीस पाठवत नाही, तिथे आपण स्वतः होऊन देतो. आणि धर्माचे वचन तोंडावर आले की एक तपासून पाहायचे: याचा खर्च कोणाच्या नावे पडतो? माझ्या नावे पडत असेल तर ते बहुधा धर्माचेच असते. दुसऱ्याच्या नावे पडत असेल तर थोडे थांबावे.

बहिणीने किंवा मुलीने राजीखुशीने हक्क सोडला तर त्यात पाप नाही. तिचा तो अधिकार आहे आणि तिचे मनही मोठे आहे. पण आधी तिला सांगा की हे तुझे आहे. किती आहे, काय भावाचे आहे, ते सांगा. कागद वाचून दाखवा. चार दिवस विचार करू द्या. तिने 'घेते' म्हटले तर त्याच चेहऱ्याने द्या. आणि भाऊबीजेच्या ताटात पूर्वीइतकेच प्रेम राहू द्या.

आपण सगळे साठी-सत्तरीतले लोक आहोत, म्हणून जाता जाता जुन्या कारकुनाच्या दोन गोष्टी. बँकेच्या ठेवीला नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असे नाही. बँक पैसे त्याच्या हाती देते, पण त्यावर हक्क वारसांचा असतो. हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. मुलाला नॉमिनी केले आणि मुलगी विसरली, अशी किती भांडणे मी काउंटरपलीकडे पाहिली. दुसरी गोष्ट, स्वतःच्या कमाईचे काय करायचे ते हातपाय चालताहेत तोवर मृत्युपत्रात लिहून ठेवा आणि मुलामुलींना समोर बसवून वाचून दाखवा. हेही एक पारायणच समजा.

पुंजणे चुरून झाले की आपण पहिले माप देवाचे काढतो. यंदा ते माप काढण्याआधी एकदा मनाशी विचारू या की या राशीत दुसऱ्या कोणाचे काही राहिले आहे का. राहिले असेल तर ते आधी त्याच्या दारी पोचू दे. मग उरलेले धान महाराजांपुढे ठेवताना हात कापणार नाही.

श्रीदत्तप्रभूंनी आपल्या सर्वांना तशी बुद्धी द्यावी आणि दिलेले वेळेत द्यायची हिंमतही द्यावी, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥